टंचाईच्या दिवसांची आठवण म्हणून दुपारचा चहा: काय ठेवावं आणि काय टाळावं

एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. सासूबाईंना ७५ वर्षं पूर्ण होतायत. कोल्हापुरातलं राहतं घर, पंचवीसेक माणसं, वेळ दुपारी चारची. परदेशात १९३० च्या मंदीच्या काळावर बेतलेल्या चहापार्ट्या करतात, त्यांचे फोटो त्यांनी पाहिले आणि मनात आलं की आपणही १९७२ च्या दुष्काळाच्या दिवसांची आठवण म्हणून साधासा चहा ठेवावा. नवऱ्याला कल्पना आवडलीय. नणंदबाई मात्र म्हणतात, वाढदिवसाला कुणी दुष्काळ मांडतं का? खायला काय ठेवायचं, सजावट कशी करायची आणि लोकांना हा कद्रूपणा तर वाटणार नाही ना, हे त्यांचे तीन प्रश्न.

मी कोल्हापुरात घरगुती समारंभांचं खाणं करून देते. डोहाळजेवणं, बारशी, साठी-पंचाहत्तरी हेच माझं काम. जुन्या काळचं खाणं हवं म्हणून येणाऱ्या ऑर्डरी आता बऱ्याच वाढल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, तुमच्या तीन प्रश्नांपेक्षा नणंदबाईंचा एक प्रश्न मोलाचा आहे. पदार्थ आणि सजावट सोपी आहे, ती दोन दिवसांत जमते. अवघड आहे ते हे की ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्यासमोर ते दिवस मांडायचे, आणि तरी त्याचा देखावा होऊ द्यायचा नाही. फाटकं गोणपाट अंथरून, पाहुण्यांना ठिगळाचे कपडे घालून या असं सांगून केलेला कार्यक्रम फोटोत छान दिसेल, पण त्यातली एखादी आजी मनातून दुखावली जाईल आणि बोलणारही नाही. मी एकच कसोटी लावते. टेबलावरची प्रत्येक गोष्ट त्या घरातल्या कुणीतरी खरोखर खाल्लेली, वापरलेली असावी आणि ती आज उत्तम करून वाढलेली असावी. ओढाताणीच्या दिवसांत त्या घरानं मेळ कसा घातला, ते पानात वाढायचं. उपासमार वाढायची नाही.

म्हणून मेनू ठरवायच्या आधी सासूबाईंशी बोला. खरंतर बरंचसं उत्तर इथंच अवलंबून आहे. ७२ साली त्या विशी ओलांडलेल्या असणार, म्हणजे बहुधा नवीन लग्न झालेलं. माहेर कुठलं, सासर कुठलं? आपल्या जिल्ह्यातच किती फरक आहे बघा. पश्चिमेला राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी ही पावसाची गावं, तर पूर्वेला शिरोळ, हातकणंगल्याकडे पाऊस कमी. माहेर सांगलीतल्या जत, आटपाडीकडचं किंवा साताऱ्यातल्या माण-खटावकडचं असेल तर त्यांनी दुष्काळ अंगावर काढलाय. पाण्यासाठी पायपीट, जनावरं कवडीमोलानं विकणं, खडी फोडायला जाणं, हे सगळं. कोल्हापूर शहरातल्या घरात मात्र त्या वर्षाची आठवण म्हणजे महागाई, रेशनच्या दुकानासमोरची रांग आणि रॉकेल. दोन्ही आठवणी खऱ्या, पण त्यांचा चहा एकसारखा होत नाही. घरची शेती होती की मोलमजुरी होती, यानंही फरक पडतो. जमीन असलेल्याला टंचाई म्हणजे हात आखडता घेणं. मजुरी करणाऱ्याला टंचाई म्हणजे आज चूल पेटेल का, हा प्रश्न.

कुठल्या टंचाईची आठवण जागवायची, हेही ठरवा. तुम्ही पाहिलेल्या फोटोंतली मंदी १९२९ पासूनची. तेव्हा माल होता, पण लोकांच्या हातात पैसा नव्हता. आपल्याकडेही तिची झळ बसली. १९२८ ते १९३४ या काळात हिंदुस्थानात गव्हाचे भाव निम्म्यावर आले आणि शेतसारा मात्र तेवढाच भरायचा होता, म्हणून शेतकरी कर्जात गेला. नंतर दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग आलं. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रीजींनी आठवड्यातून एक जेवण सोडायचं आवाहन केलं आणि घराघरांत सोमवारी रात्री चूल बंद राहू लागली. मग ७२ चा दुष्काळ आणि पाठोपाठ ७३-७४ ची महागाई. या सगळ्या काळात गाऱ्हाणं उलटं होतं. पैसे असले तरी माल मिळेना, मिळाला तर परवडेना. तुमच्या सासूबाईंच्या आठवणीतला काळ हा दुसरा, त्यामुळे परदेशी मंदीचा साचा जसाच्या तसा उचलू नका.

आणखी एक. त्या दिवसांत लोकांनी फक्त सोसलं नाही, ते रागावलेही होते. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. राज्यात रोजगार हमीची सुरुवात ७२ च्या दुष्काळातच झाली आणि पुढं १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. चहाच्या वेळी कुणी असा विषय काढला तर काढू द्या. ‘तेव्हा किती साधं, किती छान होतं’ एवढंच बोलणं चाललं की खरं दुखणं माहीत असलेली माणसं गप्प होतात.

आता खाण्याकडे येते. सुरुवातीलाच एक पदार्थ वगळायला सांगते, तो म्हणजे लाल भाकरी. त्या वर्षांत रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळायची. तिची भाकरी कशी असायची ते घरातल्या थोरल्यांना विचारा, तोंड वाकडं करूनच सांगतील. एका घरी मुलांनी हौसेनं तशी लाल भाकरी करायला लावली होती. घरातल्या काकांनी ताटली हळूच बाजूला सारली आणि एवढंच म्हणाले की, हे पोटासाठी खाल्लंय, हौसेसाठी नको. तेव्हापासून मी आधी विचारते, कुठला पदार्थ परत खायला आवडेल आणि कुठला पुन्हा बघायचाही नाही? दोन्ही उत्तरं लिहून घ्या. मिलोची गोष्ट सांगू द्या, भाकरी करू नका. सुकडीचंही तसंच. दुष्काळी कामांवर सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचं गोड खाणं, वाटली जायची. ती कुणाला गोड आठवते, कुणाला रांगेची आठवण करून देते. विचारल्याशिवाय ठेवू नका.

मी तुमच्या जागी असते तर चारच पदार्थ ठेवले असते, पण सढळ. पहिलं, चिरमुरे. लसूण ठेचून, शेंगदाणे, कढीपत्ता आणि आपली कांदा-लसूण चटणी घालून परतलेले. पंचवीस माणसांना अर्धा किलो चिरमुरे आणि पाव किलो शेंगदाणे भरपूर होतात. चिरमुरे आधी कोरडेच मंद आचेवर कुरकुरीत करून घ्या, तेल बेताचं लागतं. चटणी घालताना गॅस बंद असू द्या, नाहीतर ती करपते आणि सगळी कढई कडवट होते.

दुसरं, हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या घुगऱ्या. पाऊण किलो हुलगे रात्री भिजत घाला, सकाळी मिठाच्या पाण्यात बोटचेपे होईपर्यंत शिजवा, वरून लसणाची फोडणी आणि चिरलेला कांदा. शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका. त्यातच थोडी चिंच, गूळ, जिरं-लसूण घालून कळण करा आणि छोट्या वाटीतून गरमागरम द्या. एका मूठभर कडधान्यात दोन पदार्थ काढायचे, हेच त्या काळच्या बाईचं कसब होतं. पाहुण्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, घुगऱ्यांशेजारी कळणाची वाटी आली की कळतं.

तिसरं, शिळ्या चपातीचा कुस्करा. वाढदिवसाला शिळं कसं वाढायचं म्हणून बायका बिचकतात. त्यावर उपाय सोपा. आदल्या रात्री चपात्या मुद्दाम जरा जाडसर लाटून ठेवायच्या, सकाळी हातानं कुस्करायच्या. मिक्सर नको, त्यात भुसा होतो. कांदा, मिरची, हळद, दाण्याचं कूट, वरून दोन हबके पाण्याचे आणि झाकण. दोन मिनिटांनी काढलं की मऊ पण मोकळा कुस्करा होतो. पंचवीस जणांना इतर पदार्थांसोबत तीस चपात्या पुरतात.

चौथा पदार्थ गोड, आणि इथं मी अजिबात काटकसर करू देत नाही. लाल भोपळ्याचे घारगे. भोपळा न कापता कोपऱ्यात ठेवला की महिनोन्‌महिने टिकतो, गूळ घरात असायचाच, त्यामुळे साखर मिळो न मिळो, सणाला घारगे व्हायचेच. एक किलो भोपळा किसून पाणी न घालता शिजवा, त्यात सहाशे ग्रॅम गूळ विरघळवा, चिमूटभर मीठ घाला. गार झाल्यावर मावेल तेवढी कणीक आणि कुरकुरीतपणासाठी मूठभर तांदळाचं पीठ. साधारण किलोभर कणीक लागते, पण मोजून घालू नका, कारण भोपळ्याला सुटणारं पाणी दर वेळी वेगळं असतं. पीठ पुरीपेक्षा थोडं सैल असू द्या. गुळामुळे घारगे पटकन काळपट होतात, म्हणून तळताना आच मध्यम हवी. माणशी तीन धरले तर पंचाहत्तर होतात. वय जेवढं तेवढे घारगे, हा योग सासूबाईंना सांगाच.

मुलांना केकच हवा असेल तर तुम्ही फोटोत पाहिलेल्या मंदीच्या केकची कृती खरंच चांगली आहे. त्यात अंडी, दूध, लोणी काहीच नसतं. दीड कप मैदा, एक कप साखर, तीन मोठे चमचे कोको, एक छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ. यात एक मोठा चमचा व्हिनेगर, पाच-सहा मोठे चमचे तेल आणि एक कप पाणी. सगळं साध्या चमच्यानं एकजीव करून १८० अंशांवर अर्धा-पाऊण तास. व्हिनेगर आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि अंड्याशिवाय केक फुगतो, म्हणून मिश्रण झाल्यावर लगेच भट्टीत सारा, ताटकळत ठेवू नका. तो केक ठेवलात तर नातवंडांना सांगा की तिकडच्या आयांनीही असाच मेळ घातला होता. मात्र टेबलाच्या मध्यभागी घारगे असू द्यात.

आता चहा. यावर जरा जास्त लिहिते, कारण घोटाळा नेमका इथं होतो. गुळाचा चहा म्हटलं की सगळ्यांना आनंद होतो आणि मग पंचवीस माणसांचं पातेलं ऐन वेळी नासतं. आपण गुळाच्या गावचे, पण आपल्याही घरी नासतं. कारण असं की गुळात थोडी आंबट आम्लं आणि क्षार असतात. उकळत्या दुधात ते पडले की दुधातलं प्रथिन गोळा होतं. गूळ जुना, पावसाळ्यात पाणी सुटलेला असेल तर धोका जास्त. आल्याचंही तसंच, कच्चं आलं कोमट दुधात घातलं तर दूध फाटतं, पाण्यात खळखळून उकळलं की निर्धास्त.

माझी पद्धत अशी. पंचवीस लहान कपांना दोन लिटर पाणी ठेवायचं, त्यात ठेचलेलं आलं आणि परड्यातला गवती चहा. वेलची टाळा, ती तेव्हा पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली चीज होती आणि गुळाच्या वासापुढं ती तशीही हरवते. पाणी उकळलं की साठ-सत्तर ग्रॅम चहापूड. दोन-तीन मिनिटं उकळून मग पाव किलोपेक्षा थोडा जास्त गूळ किसून घालायचा आणि तो पूर्ण विरघळला की गॅस बंद. मग गाळून घ्यायचं, म्हणजे गुळातली काडी-कचराही निघून जातो. दुसऱ्या पातेल्यात सव्वा लिटर दूध उकळून, आच काढून दोन मिनिटं थांबवायचं. आता गाळलेला चहा आणि दूध एकत्र करायचं आणि त्यानंतर पुन्हा उकळी आणायची नाही. हीच मेख आहे. एकत्र केलेला चहा पुन्हा गॅसवर चढला की फाटलाच म्हणून समजा. दुसऱ्या फेरीसाठी कोरा चहा थर्मासमध्ये आणि दूध वेगळं ठेवा, आयत्या वेळी मिसळा. आदल्या दिवशी ज्या गुळाचा चहा करायचाय त्याच गुळानं दोन कप करून बघा. गूळ बदलला की वागणं बदलतं.

मधुमेह असलेल्यांसाठी गूळ घालण्याआधीच थोडा कोरा चहा बाजूला काढा. गूळ म्हणजे साखर नव्हे असं समजून आपली माणसं चार-चार कप पितात. रक्तातल्या साखरेला दोन्हीत फारसा फरक नाही, हे प्रेमानं सांगून ठेवा.

एक गंमतीचा बदल मात्र लक्षात घ्या. ऊस आपल्या रानात, कारखाने आपल्या जिल्ह्यात, तरी साखर कार्डावर मोजून मिळायची. १९६७ नंतर तर एक लेव्हीची, म्हणजे सरकारनं कारखान्यांकडून घेऊन रेशनवर दिलेली साखर आणि एक खुल्या बाजारातली महाग साखर, असे दोन भाव झाले. त्यामुळे गावाकडच्या कित्येक घरांत घरच्यांना गुळाचा चहा आणि पाहुण्यांना साखरेचा, असा रिवाज होता. आज पाहुण्यांना कौतुकानं गुळाचा चहा देतात. म्हणून टेबलावर साखरेची एक छोटी वाटी झाकून ठेवा. सासूबाईंच्या पिढीतल्या कुणाला तरी साखरेचाच चहा मान म्हणून हवा असेल, तर तो मिळाला पाहिजे.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर आधी सासूबाईंशी बोलणं, नको असलेल्या आठवणी वगळणं, चार पदार्थ भरपूर करणं आणि गुळाचा चहा दुधात उकळू न देणं.

सजावटीवर खर्च करू नका. भाड्यानं आणलेले कंदील, खोटे जुने फलक, काळ्या-पांढऱ्या फुग्यांच्या कमानी, यातलं काही तुमच्या घरात नव्हतं. त्याऐवजी घरातली वाकळ काढा. जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली वाकळ एखाद्या पेटीत नक्की असेल. सोप्यात, म्हणजे ओसरीवर ती अंथरली की वेगळ्या सजावटीची गरज उरत नाही. कुणाचं लुगडं कुठल्या थरात आहे हे ओळखण्यात बायकांचा अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास तुमच्या समारंभाचा सगळ्यात चांगला वेळ असतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

माझी दुसरी सूचना भांड्यांची, आणि ती मात्र तुम्ही नक्की ऐकाच असं मी म्हणेन. प्रत्येक पाहुण्याला निरोप द्या: येताना घरातलं नाव घातलेलं एक भांडं घेऊन या. पूर्वी कार्य निघालं की कपबशा, पातेली, ताटं गल्लीतून गोळा व्हायची आणि परत करताना घोटाळा नको म्हणून प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं असायचं. कुठं नुसती अक्षरं, कुठं ‘अमुक यांचेकडून सप्रेम भेट’, खाली तारीख आणि गाव. ती भांडी येऊ द्या. चिरमुरे एका घराच्या पितळी परातीत, घुगऱ्या दुसऱ्या घराच्या डब्यात, घारगे तिसरीच्या रुखवतातल्या ताटात. मग पाहुणे आपोआप सांगायला लागतात की हे ताट कुणाच्या लग्नातलं, हा तांब्या कुणी दिला, याला पोचा कसा पडला. कुणाला ‘चला, आता एकेकानं आठवण सांगा’ म्हणावं लागत नाही. असं फर्मान सोडलं की म्हातारी माणसं अवघडतात, भांडं हातात असलं की बोलतात. पितळी भांड्यात आंबट कळण मात्र ठेवू नका, कल्हई नसेल तर ते कळकतं. कळण स्टीलमध्येच.

कपबशा मात्र सगळ्या चिनी मातीच्याच आणि बशा मोठ्या असाव्यात. कागदी कप आणू नका. बशीत ओतून चहा पिणारी पिढी आहे ती, त्यांना तसा पिऊ द्या, आणि लहान मुलांनाही शिकवा. कप कमी पडले तर शेजारून मागा. उसनं मागणं हाही त्या दिवसांचाच भाग होता. वाटीभर साखर उसनी आणायची आणि परत देताना वाटी थोडी जास्त भरून द्यायची, हा अलिखित नियम होता. शेजारणीकडून कप आणलेत तर परत करताना त्यात दोन घारगे घालून द्या.

एक गोष्ट आवर्जून लिहिते, कारण आठवणींच्या कार्यक्रमात ती हमखास सुटते. त्या काळी सगळ्यांचा कप सारखा नव्हता. कामाला येणाऱ्या बाईचा, शेतावरच्या गड्याचा कप वेगळा, कोनाड्यात उपडा घातलेला असायचा. याच गावात गंगाराम कांबळे यांनी ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढलं होतं आणि अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून लोक फिरकेनात, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथं जाऊन सगळ्यांसमक्ष चहा घेत. कोल्हापुरात जुन्या चहाची आठवण काढायची आणि ही आठवण काढायची नाही, हे मला पटत नाही. तुमच्याकडे स्वयंपाकाला, धुण्या-भांड्याला येणाऱ्या मावशी असतील, तर त्या दिवशी त्यांना कामाला न बोलावता पाहुण्या म्हणून बोलवा, त्याच कपात, त्याच वाकळेवर. मदतीला माणसं हवीत तर पैसे देऊन बाहेरची घ्या, नाहीतर घरातल्या पोरांना लावा. दुष्काळाबद्दल सगळ्यात खरं बोलणारं माणूस त्या घोळक्यात बहुतेक त्या मावशीच असतील.

नातवंडांचं काय, असा प्रश्न येईलच. त्यांना ७२ म्हणजे पुस्तकातला धडा. पण ऑगस्ट २०१९ चा महापूर त्यांना आठवतो. हायवे बंद, दूध नाही, भाजी नाही, पेट्रोलला रांग, नळाला पाणी नाही आणि दारात पाणीच पाणी. त्यांना तो अनुभव सांगायला सांगा. आजी पाण्यावाचूनची टंचाई सांगेल, नातू पाण्यात बुडालेल्या गावातली. मग ऐकणं दोन्ही बाजूंनी होतं. एरवी थोरले सांगतात आणि धाकटे मोबाईल बघतात.

आता कद्रूपणाची शंका. लोकांना कद्रूपणा वाटतो तो पदार्थ साधा असल्यामुळे नाही, तो कमी पडल्यामुळे. चिरमुऱ्यांची परात दुसऱ्यांदा भरून आली, घारगे आग्रहानं पानात पडले, चहाची दुसरी फेरी न मागता आली, तर कुणाच्या मनात तसं येत नाही. म्हणून मी सांगितलेल्या मापांत वाढपाची थोडी भर धरलेली आहे, त्यातून कमी करू नका. वाचलेल्या पैशांतून काही करायचंच असेल तर सासूबाईंना एक चांगली साडी घ्या आणि त्याच दिवशी नेसवा. त्यांनी साधं राहून दाखवायचं नाहीये, ते त्यांनी आधीच केलंय.

आणि पाहुण्यांना निरोप धाडण्याआधी नणंदबाईंना विश्वासात घ्या. त्यांचा आक्षेप आईच्या मायेपोटीच असणार. आईशी बोलायचं काम त्यांच्यावरच सोपवा, लेकीला आई जे सांगते ते सुनेला कधीकधी सांगत नाही. बोलताना आई गप्प झाली, डोळ्यांत पाणी आलं आणि विषय बदलायला लागली, तर ही कल्पना तिथंच सोडा आणि सरळ श्रीखंड-पुरीचा बेत करा. त्यात वाईट काहीच नाही. पण ती हसून ‘अगं, तेव्हा आम्ही...’ म्हणून सुरू झाली, तर तेच तुमचं आमंत्रण. तिनं सांगितलेल्यातले दोन पदार्थ माझ्या यादीतले काढून खुशाल घाला. तिची यादी माझ्यापेक्षा वरची.

दिवसाचं वेळापत्रक असं ठेवा. आदल्या दिवशी सकाळी चिरमुरे आणि केक, दुपारी घारगे. ते दोन दिवस छान राहतात, फक्त पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका. त्याच संध्याकाळी गुळाच्या चहाची चाचणी, रात्री चपात्या आणि हुलगे भिजवणं. त्या दिवशी दुपारी बारापर्यंत घुगऱ्या-कळण, तीन वाजता कुस्करा. चहाचं पाणी साडेतीनला चढवा, चारला पहिली फेरी, पाचच्या सुमाराला दुसरी. निघताना प्रत्येकाला शेंगदाणे-गुळाची कागदाची पुडी, दोऱ्यानं बांधलेली. गूळ गुऱ्हाळाच्या हंगामातला, म्हणजे दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा मिळाला तर उत्तम. कार्यक्रम पावसाळ्यात असेल तर पुड्या सकाळी न बांधता चारच्या आसपास बांधा, नाहीतर गुळाला पाणी सुटून कागद ओला होतो.